दोन अक्षरांतले रायपूर : हवामानाच्या वर्गवारीचा एक इतिहास

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. पुढे १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, त्याची राजधानी नागपूर ठरली, आणि १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात नांदली. त्यामुळे येथील मराठी घरांचे सोयरेधायरे नागपुरात, पुण्यात, मुंबईत असणे अगदी स्वाभाविक. या चार शहरांची हवा चार तऱ्हांची, हे कोणत्याही पाहुण्याला पहिल्याच दिवशी कळते. मात्र जगाच्या हवामानाचा जो नकाशा शालेय भूगोलापासून संशोधनपत्रांपर्यंत सर्वत्र वापरला जातो, तो वेगळेच सांगतो. त्या नकाशावर रायपूर, नागपूर आणि मुंबईचा कुलाबा या तिन्ही ठिकाणांवर एकच शिक्का आहे : ‘एडब्ल्यू’, म्हणजे कोरड्या हिवाळ्याचे उष्णकटिबंधीय हवामान. पुण्याचा शिक्का निराळा, अर्धशुष्काचा. कुलाब्याचा दमट समुद्रकिनारा आणि मे महिन्यात ४२ अंशांवर तापणारे रायपूर एका खान्यात कसे बसले, आणि तसे बसवल्याने काय हातचे सुटले, या प्रश्नाचा माग काढला तर हवामानशास्त्राचा बराचसा इतिहास वाटेत भेटतो.

मराठीत ‘हवा’ आणि ‘हवामान’ असे दोन शब्द आहेत. आजची हवा, आणि त्या प्रदेशाचे हवामान. दुसऱ्या शब्दात ‘मान’ आहे, म्हणजे माप आहे. युरोपीय भाषांतील प्रतिशब्दाचे मूळ मात्र ग्रीक ‘क्लिमा’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ ‘कल’ असा होतो. सूर्यकिरणांचा कल जेथे सारखा, तेथील क्लिमा एक. अ‍ॅरिस्टॉटलने पृथ्वीचे उष्ण, समशीतोष्ण आणि शीत असे पट्टे कल्पिले, ते याच तत्त्वावर. टॉलेमीने वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या लांबीवरून पट्टे पाडले. या हिशेबात पावसाला जागाच नव्हती. भूमध्य समुद्राकाठी बसून केलेल्या वर्गवारीला मोसमी पाऊस दिसणार तरी कोठून?

भारतात वर्गवारीचा पाया पाणी हा होता. आयुर्वेदाने देशाचे तीन प्रकार सांगितले : कोरडा, विरळ झाडीचा जांगल, पाणथळ, दाट झाडीचा आनूप, आणि या दोहोंच्या मधला साधारण. ही विभागणी वैद्याच्या सोयीची होती. कोणत्या भूमीत कोणते दोष प्रबळ होतात हे त्याला ठरवायचे असे. कौटिलीय अर्थशास्त्राने त्याच शब्दांना आकडे जोडले. कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, असे ते सांगते आणि पुढे प्रदेशवार मापेही देते : जांगल भूमीत १६ द्रोण, आनूप भूमीत त्याच्या दीडपट, अवंतीत २३ द्रोण, गोदावरीकाठच्या अश्मकात त्याहून बरेच कमी, आणि अपरान्तात, म्हणजे आजच्या कोकणपट्टीत, मोजमापाबाहेर. हेतू साधा होता. शेतकी अधिकाऱ्याला कोठे काय पेरावे हे ठरवायचे होते. तरीही सह्याद्रीच्या दोन बाजूंमधला फरक येथे नेमका टिपलेला आहे. या एका बाबतीत अर्थशास्त्र टॉलेमीच्या पुढे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आधुनिक मोजणी उभी राहिली ती १८७५ साली, भारतीय हवामान खात्याच्या स्थापनेबरोबर. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफोर्ड. विखुरलेल्या वेधशाळांना त्यांनी एका शिस्तीत आणले आणि १८८९ मध्ये भारत, सिलोन व ब्रह्मदेशाच्या हवामानावर मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. खात्याचे मुख्यालय पुढे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. ब्लॅनफोर्ड मुळात भूवैज्ञानिक होते. तरुणपणी, १८५६ च्या सुमारास, भाऊ विल्यम आणि सहकारी थिओबाल्ड यांच्यासह त्यांनी ओडिशातील तालचेरच्या कोळसा खोऱ्याची पाहणी केली होती. तेथे मऊ गाळाच्या थरांत रुतलेले प्रचंड गोटे त्यांना आढळले आणि ते बर्फानेच वाहून आणलेले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्णकटिबंधातल्या ओडिशात बर्फ! त्या काळी हे विधान धाडसाचेच होते. त्याचा संबंध पुढे येईलच.

जगाचा नकाशा दोन-तीन अक्षरांत बसवणारा माणूस होता व्लादिमिर कोपेन. जन्म १८४६, सेंट पीटर्सबर्ग. घराणे जर्मन वंशाचे. त्याचे शालेय दिवस क्रिमियात गेले. सिम्फेरोपोलहून डोंगर ओलांडून काळ्या समुद्राच्या काठी उतरताना काही तासांतच झाडे पालटतात, हे त्याने विद्यार्थिदशेत पाहिले आणि वनस्पती व उष्णता यांचे नाते हाच त्याच्या प्रबंधाचा विषय झाला. त्याचा युक्तिवाद असा की, तापमापक थोडे आणि विखुरलेले आहेत, पण झाड वर्षानुवर्षे एका जागी उभे राहून उन्हाची, थंडीची, पाण्याची नोंद घेत असते. तेव्हा वनस्पतींच्या सीमा शोधाव्यात आणि त्या सीमांवर कोणते तापमान, किती पाऊस येतो ते पाहून आकडे ठरवावेत. वनस्पतींचे पाच गट त्याला आयते मिळाले. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी ते १८७४ मध्ये मांडले होते. कोपेनची पहिली पूर्ण वर्गवारी १९०० सालची, सुधारित १९१८ ची, आणि शेवटची १९३६ ची. तेव्हा त्याचे वय ९० होते. पुढे रुडोल्फ गायगर यांनी तिची डागडुजी केली.

अक्षरे अशी : ‘ए’ उष्णकटिबंधीय, ‘बी’ शुष्क, ‘सी’ सौम्य हिवाळ्याचे, ‘डी’ कडक हिवाळ्याचे, ‘ई’ ध्रुवीय. दुसरे अक्षर बहुधा पावसाच्या वाटणीचे. (देवनागरीत येथे थोडी पंचाईत होते. लहान ‘डब्ल्यू’ म्हणजे कोरडा हिवाळा, तर शुष्क गटातला मोठा ‘डब्ल्यू’ म्हणजे जर्मन भाषेतले वाळवंट. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने विद्यार्थी हमखास गोंधळतात.)

रायपूरचे गणित कोणालाही करून पाहता येईल. पहिली कसोटी पावसाची. वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचे आणि पावसाचा मोठा भाग उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे; वर्षाचा पाऊस मिलिमीटरमध्ये या संख्येपेक्षा कमी भरला तर ठिकाण शुष्क. रायपूरचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश, म्हणून सीमा येते ८२०. पाऊस साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर. म्हणजे शुष्क नाही. पुण्याचे तापमान सुमारे २५ अंश, सीमा ७८०. शिवाजीनगरचा पाऊस त्याच्या किंचित खाली, म्हणून पुणे अर्धशुष्क. दोनचार पावसाळे बरे गेले की पुणे ही सीमारेषा ओलांडू शकते. दुसरी कसोटी थंडीची : सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांच्या वर असेल तर ‘ए’. रायपुरात डिसेंबर-जानेवारीत ती २० अंशांच्या आसपास राहते. तिसरी कसोटी सर्वांत कोरड्या महिन्याची. वार्षिक पावसाला २५ ने भागून १०० मधून वजा करायचे; रायपूरसाठी उत्तर येते जवळपास ५०. कोरड्या महिन्याचा पाऊस त्याहून फारच कमी. झाले ‘एडब्ल्यू’.

आता कुलाबा. तेथे पाऊस २,१०० ते २,२०० मिलिमीटर, म्हणजे रायपूरच्या पावणेदोन पट. तिसऱ्या कसोटीची सीमा येते १२ ते १६ मिलिमीटर. कुलाब्याच्या हिवाळी महिन्यांत जवळजवळ काहीच पडत नाही, तेव्हा तोही ‘एडब्ल्यू’च. वर्षाचा पाऊस २,५०० च्या पुढे गेला की सीमा शून्यावर येते आणि ठिकाण ‘एएम’ गटात, मोसमी हवामानात, जाते. रत्नागिरी तेथे पोहोचते. भारतीय वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण रायपूरचा जवळजवळ सगळा पाऊस मोसमी वाऱ्यांचाच आहे आणि तरी तो ‘मोसमी’ गटात नाही! कोपेनच्या लेखी ‘एएम’ ही वाऱ्यांची ओळख नव्हती. कोरडा ऋतू असूनही दाट सदाहरित अरण्य टिकेल एवढा पाऊस, असा तिचा अर्थ होता. प्रश्न झाडांचा होता. वारा कोठून येतो हा नव्हता.

वारा कोठून येतो, हे हवामान घडवणाऱ्या कारणांमध्ये मोडते. रायपूर साधारण २१.२५ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य तेथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. विदर्भ आणि छत्तीसगडात ज्याला नवतपा म्हणतात तो सूर्याच्या रोहिणी नक्षत्रातील प्रवेशापासूनचा नऊ दिवसांचा काळ साधारण २५ मेपासून सुरू होतो. म्हणजे नवतपा आणि माथ्यावरचा सूर्य यांची गाठ या अक्षांशावर बरोबर पडते. ग्रीक ‘क्लिमा’च्या हिशेबाने जुलैतही तितकेच तापायला हवे. प्रत्यक्षात जुलैचे कमाल तापमान ३१ अंशांच्या आसपास उतरते. मधल्या काळात ढग आलेले असतात, जमीन ओली झालेली असते आणि उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मृग नक्षत्र अर्धेअधिक सरते तेव्हा, जूनच्या मध्यास, रायपुरात मोसमी पाऊस पोहोचतो.

एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये मोसमी वाऱ्यांचे कारण जमीन व समुद्र यांच्या असमान तापण्यात शोधले. जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये पृथ्वीच्या परिवलनाची जोड दिली. आज उष्णकटिबंधातील वाऱ्यांचा संगमपट्टा सूर्यामागोमाग उत्तरेस सरकतो, या भाषेत तेच अधिक नेमकेपणाने सांगितले जाते. पण एकाच मोसमी प्रवाहात रायपूर आणि कुलाब्याच्या पावसाची जात वेगळी. कुलाब्याला अरबी समुद्रावरून येणारा, सह्याद्रीला अडलेला वारा भिजवतो. तोच वारा घाट उतरला की पुण्याच्या पूर्वेस पर्जन्यछाया पडते. रायपूरचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरात जन्मणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा. ती ओडिशा ओलांडून छत्तीसगडावरून पश्चिम-वायव्येकडे जातात आणि जमिनीवरून जाता जाता क्षीण होतात. नागपूर त्याच वाटेवर, पण उपसागरापासून आणखी दूर; तेथील पाऊस रायपूरपेक्षा कमी असतो त्याचे एक कारण हे. छत्तीसगडातही सरसकट एक माप नाही. मैकल डोंगररांगेच्या पायथ्याचा कवर्धा परिसर पर्जन्यछायेत येतो.

अक्षांश, समुद्र, डोंगर आणि वारे ही कारणे कायमची वाटतात. ती कायमची नाहीत, हे दाखवणारा पुरावा छत्तीसगडातच आहे, मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या काठी. तेथे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे सागरी शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, आणि ते ज्या खडकांत आहेत ते तालचेर गटाचे, ब्लॅनफोर्ड बंधूंनी ओळखलेल्या त्या बर्फाळ निक्षेपांच्या कुळातले. हिमयुग ओसरताना समुद्र आत शिरल्याची ती खूण आहे. भारत त्या वेळी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन खंडाचा भाग होता. हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८७५ मध्ये, म्हणजे हवामान खात्याच्या जन्मवर्षीच, भारत आणि दक्षिणेकडील भूभाग एकेकाळी जोडलेले असल्याचे मांडले होते. कोपेनचा जावई आल्फ्रेड वेगेनर याने खंडवहनाच्या सिद्धांतात या बर्फाच्या खुणांना महत्त्वाचे स्थान दिले, आणि १९२४ मध्ये सासरे-जावयाने मिळून प्राचीन काळातील हवामानांवर ग्रंथ लिहिला. कोपेनची अक्षरे त्या काळाला लावली तर मनेंद्रगढला ‘ई’ मिळेल.

एवढ्या दीर्घ काळावरून पुन्हा एका पावसाळ्यावर यावे लागते, कारण वर्गवारीची खरी किंमत तेथे मोजली गेली. १८९६ साली मध्य प्रांतात पाऊस ऑगस्टअखेर अकस्मात थांबला. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, पाऊस मोठ्या प्रमाणावर रुसला आणि १९०० चा दुष्काळ छत्तीसगडाला फार जड गेला. नागपूर-वर्ध्याकडील काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस; रायपुरात धान. ज्वारी मुरलेल्या ओलीवर तग धरते. धानाला सप्टेंबरात, दाणा भरताना, बांधीत पाणी लागते. तेव्हा दोन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले की त्याआधी कितीही पडलेला असो, ओंबी पोकळ राहते. वार्षिक सरासरीत ही घटना दिसत नाही. ‘एडब्ल्यू’ या अक्षरांत तर ती मुळीच दिसत नाही. कोपेनला हा दोष देता येणार नाही. त्याने अरण्यांच्या सीमा आखल्या होत्या, भातशेतीच्या नव्हे. मात्र त्याचा नकाशा जेव्हा शेतीच्या प्रश्नांवर तसाच ठेवला जातो, तेव्हा तो दिशाभूल करतो.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकी भूगोलज्ञ वॉरेन थॉर्नथ्वेट यांचा. १९४८ मध्ये त्यांनी हवामानाकडे जमाखर्चाच्या वहीसारखे पाहिले. जमेला पाऊस. खर्चाला ‘संभाव्य बाष्पोत्सर्जन’, म्हणजे पाणी मुबलक असते तर जमिनीतून आणि पानांतून मिळून जितके उडून गेले असते तितके. आणि मातीत मुरलेली ओल ही शिल्लक. महिन्यागणिक हिशेब मांडला की कोणत्या महिन्यात तूट पडते हे उघड दिसते. वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठातील व्ही. पी. सुब्रह्मण्यम यांनी १९५६ मध्ये या पद्धतीने भारताची वर्गवारी केली. याच धाग्यावर पुढे भारतीय शेतीचे विभाग आखले गेले. नियोजन आयोगाने १९८९ मध्ये देशाचे १५ कृषी-हवामान विभाग पाडले. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने १९९२ मध्ये माती, पाऊस आणि पीकवाढीच्या काळाची लांबी एकत्र घेऊन २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश केले. त्यात छत्तीसगडचे मैदान, म्हणजे महानदीचे खोरे, स्वतंत्र प्रदेश ठरले आणि नागपूर दुसऱ्या प्रदेशात गेले. कोपेनने एका खान्यात ठेवलेली दोन शहरे नागपुरातच बसलेल्या संशोधकांनी वेगळी केली.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याकडे मात्र याहून बारीक वर्गवारी आधीपासून आहे. एकाच गावात तो चार जमिनी सांगतो. उंचवट्यावरची मुरमाड, पाणी न धरणारी भाटा, तिच्या खालची पिवळसर मटासी, मग डोरसा, आणि सर्वांत खाली ओल धरून ठेवणारी काळी कन्हार. पाऊस सर्वांवर तोच पडतो, शिल्लक मात्र वेगवेगळी उरते. थॉर्नथ्वेटची वही जणू उतारावर मांडलेली. भाटा आणि मटासीत लवकर पिकणारे धान, कन्हारात उशिराचे, किंवा धानामागून ओलीवर हरभरा. उभ्या धानातच लाखोळी फेकून शिल्लक ओल वापरण्याच्या पद्धतीला उतेरा म्हणतात. बियासी पद्धतीत धान विखरून पेरतात आणि महिनाभराने बांधीत पाणी साचले की उभ्या पिकात हलका नांगर फिरवतात. पाऊस कधी साचेल याची शाश्वती नसलेल्या प्रदेशात रोवणीची जोखीम टाळण्याचा हा मार्ग आहे. उत्पादन कमी येते म्हणून तज्ज्ञांनी बियासीला नावे ठेवली, आणि ती काही अंशी रास्तही आहेत, पण तिच्यामागचा हिशेब हवामानाचा आहे हे विसरता येत नाही. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरच्या धान संशोधन संस्थेत असताना गावोगावचे हजारो देशी वाण गोळा केले. आज तो ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे. कोणता वाण किती दिवसांत पिकतो, कोणत्या जमिनीत तगतो, ही त्यातील माहिती वाचली तर ती छत्तीसगडच्या हवामानाचीच नोंदवही आहे.

कोपेनची पद्धत म्हणून टाकाऊ ठरली असे झालेले नाही. उलट गेल्या २० वर्षांत तिला नवे काम मिळाले आहे. २००६ पासून नव्या विदांवर तिचे नकाशे पुन्हा आखले गेले आणि २०१८ मध्ये एक किलोमीटर बारकाव्याचे नकाशे प्रसिद्ध झाले, त्यात चालू काळाबरोबर शतकाच्या अखेरचा अंदाजही आहे. आकडे ठरलेले असल्याने सीमा किती आणि कोणीकडे सरकली हे त्यावर स्वच्छ दिसते. छत्तीसगडातून अशी एक सीमा जाते. रायपूर, बिलासपूर, जगदलपूर तिच्या ‘ए’ बाजूला आहेत. सरगुजाच्या पठारावरचे अंबिकापूर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने, जानेवारीत १६-१७ अंशांच्या सरासरीपर्यंत उतरते आणि ‘सी’ गटात मोडते. १८ अंशांची ती रेषा उष्णकटिबंधातील वनस्पतींची थंडीकडची मर्यादा म्हणून आखली गेली होती. अंबिकापूरचा जानेवारी दीड-दोन अंशांनी उबदार झाला, की नकाशावर त्याचे पहिले अक्षर बदलेल. त्याच्याही वर, मैनपाटच्या माथ्यावर, थंडी आणखी काही काळ टिकेल.